शालेय शिक्षणातील तंत्रज्ञान (पिंपरी-चिंचवड व चाकण परिसर)

पुणे जिल्ह्यातील पिंपरी, चिंचवड, भोसरी ते चाकण या औद्योगिक पट्ट्यातील शाळांत अध्ययन-अध्यापनासाठी आणि शिक्षणातील विषमता कमी करण्यासाठी वापरली जाणारी साधने व पद्धती. पट्ट्याचा कारभार दोन यंत्रणांकडे आहे. पिंपरी-चिंचवड महानगरपालिका (स्थापना १९८२) मराठी, उर्दू, हिंदी व इंग्रजी माध्यमांच्या शाळा चालवते, तर चाकण, महाळुंगे, कुरुळी या खेड तालुक्यातील भागात सरकारी प्राथमिक शाळा जिल्हा परिषदेच्या आहेत. महापालिकेला स्वतःच्या अंदाजपत्रकाचा आधार असतो; जिल्हा परिषदेच्या शाळेत प्रोजेक्टर किंवा टॅब आले ते बहुतेक लोकवर्गणीतून, नाहीतर कंपन्यांच्या सामाजिक दायित्व (सीएसआर) निधीतून. असा निधी कारखान्याजवळच्या गावाला सहज मिळतो, तालुक्याच्या पश्चिमेकडील डोंगरातल्या वाडीला तितका नाही.

शालेय तंत्रज्ञानाचा या भागातील सर्वांत मूलभूत प्रयोग संगणकाचा नव्हता. चाकणच्या पूर्वेला, शिरूर तालुक्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन आणि गृह-आरोग्य अशा चार विभागांतील कामे विद्यार्थ्यांनी शाळेच्या वेळातच हाताने करायची, हा तेथील अभ्यासक्रमाचा गाभा. वेल्डिंग करताना भूमिती, माती तपासताना रसायनशास्त्र. २००२ मध्ये येथे उभारलेली ‘फॅब लॅब’ (संगणकनियंत्रित यंत्रांची कार्यशाळा) ही एमआयटी या अमेरिकी विद्यापीठाबाहेरची पहिली मानली जाते. नीती आयोगाच्या अटल टिंकरिंग लॅब (२०१६ पासून) शाळाशाळांत आल्या त्या बऱ्याच नंतर.

दृक्‌श्राव्य शिक्षणाचा इतिहासही पुण्याशी जोडलेला आहे. ‘बालचित्रवाणी’ ही राज्याची शैक्षणिक कार्यक्रम तयार करणारी संस्था १९८४ मध्ये पुण्यात स्थापन झाली आणि २०१७ मध्ये बंद करण्यात आली. तीनच वर्षांनी कोविडच्या टाळेबंदीत दूरचित्रवाणीचीच गरज पडली. २०२० मध्ये सह्याद्री वाहिनीवर एमकेसीएल नॉलेज फाउंडेशनची ‘टिलीमिली’ ही मालिका सुरू झाली. इंटरनेट नसलेल्या घरातही ती दिसत होती, हे तिचे मोठे बळ.

स्मार्टफोनचे गणित वेगळे आहे. एका खोलीत राहणाऱ्या कामगार कुटुंबात एकच फोन असला, की तो पालकाबरोबर पाळीवर जातो. सकाळच्या ऑनलाइन तासाला मुलाच्या हाती काही उरत नाही. फोन हाती आल्यावरही तो अभ्यासासाठीच वापरला जातो असे नाही. ग्रामीण भारताविषयीच्या ‘असर २०२४’ अहवालानुसार स्मार्टफोन वापरता येणाऱ्या १४ ते १६ वयोगटातील मुलांपैकी सुमारे ५७ टक्क्यांनी आदल्या आठवड्यात तो शिक्षणासाठी वापरला होता, समाजमाध्यमांसाठी सुमारे ७६ टक्क्यांनी.

पाठ्यपुस्तकातील क्यूआर कोड हा महाराष्ट्रातील स्वस्त आणि सर्वत्र पोचलेला उपाय. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी तो आधी वापरला. त्यांना २०२० चा ग्लोबल टीचर प्राइझ मिळाला. आता बालभारतीच्या पुस्तकातील चौकोनी कोड फोनने टिपला, की ‘दीक्षा’ या व्यासपीठावरील (२०१७) संबंधित साहित्य उघडते. डिसले यांच्या कामातील दुसरा भाग चाकणसाठी अधिक महत्त्वाचा ठरावा. त्यांच्या वर्गातील मुलांची घरची भाषा कन्नड होती, म्हणून त्यांनी धडे कन्नडमध्ये आणले. चाकण पट्ट्यात मराठवाडा-विदर्भाबरोबरच बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशातूनही कुटुंबे येतात. मराठी शाळेत नव्याने बसलेल्या हिंदीभाषक मुलाला स्मार्ट बोर्डपेक्षा घरच्या भाषेतला आवाज आधी हवा असतो.

साधने मिळवण्यापेक्षा ती चालू ठेवणे अवघड. वीजबिल थकले की शाळेची जोडणी तुटते, प्रोजेक्टरचा दिवा गेला की तो बदलायला निधी नसतो, आणि प्रशिक्षण घेतलेल्या शिक्षकाची बदली झाली की संच कपाटात जातो. उद्घाटनाला पैसा मिळतो, दुरुस्तीला मिळत नाही. देणगीदार कंपन्यांनी आणि शिक्षण विभागाने ही उणीव पुरेशी मनावर घेतलेली नाही.

उपकरण बंद पडण्याची चिंता नसलेली पद्धतही जवळच आहे. खेड तालुक्यातीलच जालिंदरनगरच्या जिल्हा परिषद शाळेला २०२५ मध्ये ‘टी-फोर एज्युकेशन’च्या जागतिक सर्वोत्तम शाळा पुरस्कारांत लोकपसंतीचा पुरस्कार मिळाला. दत्तात्रय वारे यांच्या नेतृत्वाखालील ही शाळा ‘विषयमित्र’ पद्धतीसाठी ओळखली जाते. ज्या मुलाला विषय नीट समजला आहे, तो तेथे वयाची अट न ठेवता इतरांना शिकवतो.