पेरणीला थोडे, पंक्तीला सारे

शिक्षकाने संप करावा काय, असे अनेक सज्जन विचारतात. त्यांनी न्यूयॉर्क शहराचा इतिहास पाहावा. तेथे संप करणाऱ्या सरकारी नोकरास बडतर्फीची शिक्षा सांगणारा कायदा होता. तरीही ७ नोव्हेंबर १९६० रोजी सुमारे ५,००० शिक्षक शाळेबाहेर उभे राहिले. बहुसंख्य वर्गात गेले. डिसेंबर १९६१ मध्ये शिक्षकांच्या मतदानाने त्यांच्या संघटनेस वाटाघाटीचा हक्क मिळाला. ११ एप्रिल १९६२ रोजी सुमारे २०,००० शिक्षक संपावर गेले आणि त्याच वर्षी करार झाला. तो वर्गात बसून राहिलेल्यांनाही लागू झाला. म्हणून झगडा उभा राहिला की प्रत्येक शिक्षकाने स्वतःस विचारावे : मी पेरणाऱ्यांत, की नुसत्या जेवणाऱ्यांत?