एका खोट्या चिठ्ठीपायी

आमच्या जांब समर्थमध्ये पिंगळा शोधायला लागत नाही. कडुनिंबाच्या ढोलीत नाहीतर पडक्या वाड्याच्या भिंतीत तो असतोच, आणि दिवेलागणीला चिरचिरून गल्ली डोक्यावर घेतो. त्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके असतात. ते लक्षात ठेवा.

त्याचा एक भाऊबंद रानात राहतो, रानपिंगळा. त्याच्या डोक्यावर ठिपके जवळजवळ नसतातच. चोच दांडगी, पोटाचा खालचा भाग पांढराशुभ्र, आणि तो चक्क दिवसाउजेडी शिकार करतो. १८७२ साली ब्लेविट नावाच्या इंग्रजाला तो आजच्या छत्तीसगडात मिळाला. पुढच्या वर्षी ह्यूमनं (हो, काँग्रेसवाला ह्यूम) त्याचं शास्त्रीय नाव ब्लेविटवरून ठेवलं. मग डेव्हिडसन या सनदी अधिकाऱ्यानं खानदेशात, शहादा-तळोद्याकडे, आणखी काही नमुने जमवले. १८८४ नंतर पक्षी दिसेनासा झाला.

फक्त एक नोंद मध्येच उभी होती. तापीकाठचं मांडवी, १९१४, नमुना मिळवणारा कर्नल माइनर्ट्झहागेन. योगायोग असा, की न्यूझीलंडच्या बेटांवरचं हसरं घुबड खात्रीनं शेवटचं सापडलं तेही १९१४ मध्येच, मेलेलं. तो पक्षी खरंच संपला. आपला मात्र चिठ्ठीवर जगत होता, आणि शोधणारे त्या चिठ्ठीवर विसंबून भलतीकडे हिंडत होते.

माइनर्ट्झहागेन म्हणजे युद्धातल्या पराक्रमांमुळे गाजलेला माणूस. त्याच्यावर संशय घेणार कोण? पामेला रासमुसेननं घेतला. तिनं आणि नायजेल कॉलरनं तो पेंढा भरलेला पक्षी बारकाईनं तपासला, तेव्हा तो डेव्हिडसनच्या हातचा निघाला. ब्रिटिश म्युझियममधून चोरलेला, पुन्हा भरलेला, नवी चिठ्ठी लावलेला. माणसानं पुस्तक चोरलं तर एक पुस्तक जातं. इथे एका पक्ष्याचा पत्ताच बदलला होता.

म्हणून १९९७ मध्ये रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट यांनी मांडवी बाजूला ठेवली आणि जुन्या, खऱ्या नोंदींच्या जागा धरल्या. आधी पूर्वेकडच्या, तिथे काही हाती लागलं नाही. मग शहादा. २५ नोव्हेंबरच्या सकाळी, सातपुड्याच्या पायथ्याशी, एका निष्पर्ण झाडावर तो उन्हात बसलेला होता. डोक्यावर ठिपके नव्हते. ११३ वर्षं!

तिथलं रान तेव्हाही सलग नव्हतं. उतारावर सागाचे तुकडे, खाली शेतं. समुद्र नसला तरी ही बेटंच. आणि अंडी घालायला रानपिंगळ्याला ढोली लागते, ढोलीला जुनं झाड लागतं. नवी लागवड कितीही हिरवी दिसो, तिला ढोली यायला फार वर्षं जातात.

पुढे तो मेळघाटात आणि मध्य प्रदेशातही सापडला. २०१४ मध्ये तर तानसा अभयारण्यात, जिथल्या तलावाचं पाणी मुंबई रोज पिते.