रोमची सत्ता: फौज आणि नाणे
जिंकलेल्या इटालियन शहरांकडून रोमने खंडणीऐवजी सैनिक मागितले, हेच त्याच्या बळाचे मूळ. इ.स.पू. ३३८ मध्ये लॅटिन शहरे हरली, तेव्हा त्यांतल्या कित्येकांना रोमने थेट नागरिकत्व दिले. केवढी दूरदृष्टी! इ.स.पू. २१६ मध्ये कॅनीला कार्थेजचा सेनापती हॅनिबल याने रोमची प्रचंड सेना एका दिवसात कापून काढली, तरी नवी फौज उभी राहिली.

पुढे प्रांतांचा कारभार मूठभर अधिकारी आणि स्थानिक नगरसभा पाहत. फौजेचा पगार मात्र चांदीच्या नाण्यांत द्यावा लागे. पहिला सम्राट ऑगस्टस याच्या काळी त्यांतली चांदी जवळजवळ शुद्ध होती. तिसऱ्या शतकात उरला तांब्यावरचा पातळ मुलामा, हाताळता हाताळता उडून जाणारा. भाव भडकले, सेनापती स्वतःच सम्राट होऊ लागले. ४७६ मध्ये सेनापती ओडोएसरने पश्चिमेचा अल्पवयीन सम्राट रोम्युलस ऑगस्टुलस याला पदच्युत केले. पूर्वेकडे कॉन्स्टँटिनोपलची गादी १४५३ पर्यंत टिकली.