चित्राचा तास आणि मराठीचा तास वेगळे कधी झाले?

‘प्रकल्प’ हा शब्द आता दुसरीतल्या पोरालाही पाठ आहे. मराठीच्या पुस्तकातल्या कवितेवर प्रकल्प करायचा म्हणजे काय? स्टेशनरीच्या दुकानातून पाऊस, शेतकरी, आई, झाड असे छापील चित्रांचे तक्ते आणायचे, कात्रीने कापायचे, कागदावर चिकटवायचे, वर स्केचपेनने कवीचं नाव लिहायचं आणि कडेने चमकी मारायची. बऱ्याच घरांत हे काम रात्री दहानंतर आई करते. मूल तोवर झोपलेलं असतं. सकाळी प्रकल्प जमा होतो, गुण मिळतात, कवितेशी कुणाचाच संबंध येत नाही.

यात शिक्षकांना किंवा आयांना दोष देऊन भागणार नाही. वाचलेल्या गोष्टीचं चित्र काढणं हे शिकण्याचंच काम आहे, ही समज आपल्याकडे होती. ती मोडली कशी आणि पुन्हा जोडायचे प्रयत्न कुणी केले, हे आज लिहायचं आहे. पोस्ट लांब आहे, पण शेवटी आपल्या गावच्या शाळेचा प्रश्न आहे, म्हणून पूर्ण वाचा.

सुरुवात घरापासूनच करतो. कुडाळला लागून असलेलं आमचं पिंगुळी. इथल्या ठाकर समाजाची चित्रकथी परंपरा आता जगभर माहीत झाली आहे. २०२१ मध्ये परशुराम गंगावणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा आपण सगळ्यांनी अभिनंदनाचे फोटो टाकले. पण या परंपरेत नेमकं काय होतं, याचा विचार फारसा झाला नाही. रामायण-महाभारतातलं एक आख्यान घ्यायचं आणि त्याची एकामागून एक चित्रं करायची. त्या चित्रांच्या गठ्ठ्याला ‘पोथी’च म्हणतात. हा शब्द लक्षात ठेवा. अक्षरांची असते तशी चित्रांची पोथी. सांगणारा देवळात बसतो, एकेक चित्र समोर धरतो, वाद्यांच्या साथीवर कथा गातो, चित्र बदलतो. सावंतवाडीच्या राजांचा या कलेला आश्रय होता. चित्र दाखवून कथा सांगणाऱ्यांचा उल्लेख तर बाराव्या शतकातल्या सोमेश्वराच्या ‘मानसोल्लास’ ग्रंथातही येतो, म्हणजे परंपरा किती मागे जाते बघा.

आता या पोथीकडे शिक्षकाच्या नजरेने पाहा. एवढं मोठं आख्यान, त्यातले कोणते प्रसंग चित्रात घ्यायचे? रथ आधी की धनुष्य आधी? राजा बसलेला की उभा? कथा आतून कळल्याशिवाय हे ठरवता येत नाही. ठाकरांच्या घरातलं मूल कथा, गाणं आणि चित्र एकत्रच शिकायचं. हा भाषेचा तास, तो चित्रकलेचा तास, अशी विभागणी तिथे नव्हती.

विभागणी आली इंग्रजी राजवटीतल्या शाळेबरोबर. १८५७ मध्ये मुंबईत सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट सुरू झालं. या संस्थेने मोठे चित्रकार दिले, अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला तिथल्याच विद्यार्थ्यांनी जॉन ग्रिफिथ्स यांच्या हाताखाली केल्या, हे सगळं मान्य. पण चित्रकला शिकवण्याची जी पद्धत तेव्हा इंग्लंडहून आली, तिचा हेतू निराळा होता. कारखान्यांना आणि सरकारी खात्यांना रेखाटनं करणारे, नक्षी काढणारे, नकाशे करणारे हात हवे होते. म्हणून सरळ रेषा, भूमिती, समोर ठेवलेल्या वस्तूची हुबेहूब नक्कल. कथा-कविता राहिली भाषेच्या पुस्तकात आणि चित्र गेलं वस्तूकडे.

हा साचा किती पक्का बसला ते पाहायचं असेल तर आपल्या एलिमेंटरी-इंटरमिजिएट परीक्षा बघा. कला संचालनालय या परीक्षा घेतं, लाखो मुलांच्या हातात त्यांनी ब्रश दिला, खेड्यापाड्यातल्या पोरांना यातूनच पुढची वाट सापडली. मला त्यांच्याबद्दल आदरच आहे. पण विषय मोजा : स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन. स्मरणचित्रात मूल बाजार काढतं, बस स्टँड काढतं, सण काढतं. वाचलेल्या कवितेला किंवा ऐकलेल्या गोष्टीला यात स्वतःची अशी जागा नाही.

ही फारकत ज्यांना खटकली त्यांत रवींद्रनाथ टागोर पुढे होते. १९१९ मध्ये शांतिनिकेतनात कलाभवन सुरू झालं आणि पुढे नंदलाल बोस यांनी त्याची धुरा सांभाळली. तिथे नाटक बसायचं तेव्हा रंगमंच, पोशाख, अल्पना म्हणजे त्यांच्याकडची रांगोळी, सगळ्याला विद्यार्थ्यांचे हात लागायचे. पावसाची गाणी म्हणायची तर त्या सोहळ्याची सजावटही आपणच करायची. साहित्य तिथे वाचून संपत नव्हतं, हातातून पुन्हा बाहेर यायचं.

१९३० मध्ये ‘सहज पाठ’ हे बंगाली मुळाक्षरांचं पुस्तक निघालं. शब्द रवींद्रनाथांचे, चित्रं नंदलालांची. लिनोवर कोरून छापलेली, फक्त काळ्या-पांढऱ्यातली, कमी खर्चात छापता येणारी चित्रं. एवढा मोठा चित्रकार पहिलीच्या पुस्तकासाठी लिनो कोरत बसला, यातच सगळं आलं. (पुढे आपल्या राज्यघटनेच्या मूळ हस्तलिखित प्रतीची सजावट ज्यांच्या देखरेखीखाली झाली ते हेच नंदलाल.)

ही परंपरा महाराष्ट्रातही आली होती, हे मात्र आपण विसरलो. १९३७ मध्ये वर्ध्याच्या परिषदेतून गांधीजींची नयी तालीम उभी राहिली. १९४४ मध्ये कलाभवनातून शिकून बाहेर पडलेले देवीप्रसाद नावाचे तरुण सेवाग्रामला कलाशिक्षक म्हणून आले आणि १९६२ पर्यंत राहिले. जवळजवळ अठरा वर्षं! आजूबाजूच्या खेड्यांतली मुलं, साधे रंग, साधे कागद. मुलाला मोठ्यांचं चित्र नकलायला देऊ नये, त्याने पाहिलेलं-अनुभवलेलं त्याच्याच पद्धतीने कागदावर येऊ द्यावं, हा त्यांचा आग्रह. कला हा शिक्षणाचा एक विषय नसून पाया आहे, हे त्यांनी पुढे पुस्तक लिहून मांडलं. वर्ध्यातला हा प्रयोग आपल्याकडच्या किती डी.एड.-बी.एड. वर्गांत सांगितला जातो?

आता तुम्ही म्हणाल, चित्र काढून भाषा कशी शिकतात? मी स्वतः पाहिलेलं सांगतो. मागे एका जिल्हा परिषद शाळेत सहावीच्या मुलांसोबत बसलो होतो. ‘श्यामची आई’मधला तो प्रसंग वाचला. आंघोळ झाल्यावर श्याम हट्ट करतो, ओल्या पायांना माती लागायला नको, आणि आई त्याच्या पायाखाली आपलं लुगडं पसरते. पुस्तकं मिटायला सांगितली आणि कागद दिले. सूचना एकच : तुम्हाला जे दिसलं ते काढा.

बहुतेकांनी आई आणि श्याम काढले. एका मुलीने आईला पाठमोरी काढलं. का, विचारलं तर म्हणाली, “तिचा चेहरा रागावलेला काढायचा की हसरा, तेच समजत नाही.” वर्गात वाद सुरू झाला. एक म्हणतो रागावली असेल, दुसरा म्हणतो रागावली असती तर लुगडं कशाला पसरलं असतं? कुणी न सांगता मुलांनी पुस्तकं उघडली आणि आईचं बोलणं पुन्हा वाचलं. मागच्या बाकावरच्या एका मुलाने लुगडं रंगवलं होतं आणि त्याचा एक कोपरा मुद्दाम गडद केला होता. म्हणाला, “तो भिजलेला.” मग एवढंच म्हणाला, “आता ती दिवसभर तशीच फिरणार.” वर्ग गप्प झाला.

याच पाठावर परीक्षेत प्रश्न येतो : या प्रसंगातून तुम्हाला कोणती शिकवण मिळाली? चार ओळींचं उत्तर गाईडमध्ये तयार असतं. ते पाठ करणाऱ्या मुलाला भिजलेला कोपरा कधी दिसेल का? शब्दांत “आई प्रेमळ होती” लिहून सुटता येतं. चित्रात सुटता येत नाही. आई कुठे उभी आहे, हात कुठे आहे, ऊन आहे की सावली, सगळं ठरवावं लागतं, आणि ठरवण्यासाठी पुन्हा वाचावं लागतं.

याला खर्च किती? पाठकोरे कागद, खडू, कोळसा, गेरू, जुनी वर्तमानपत्रं. पाच-सहा मुलांनी एका गोष्टीची चित्रपोथी करावी, प्रत्येकाने एक प्रसंग घ्यावा आणि मग सगळ्यांनी मिळून ती वर्गासमोर सांगावी. पिंगुळीच्या परंपरेचा याहून मोठा सन्मान कोणता? अट एकच, चित्र ‘छान’ आलं का यावर गुण नकोत. मुलाला विचारा, हे असं का काढलंस? त्याचं उत्तर हेच त्याचं रसग्रहण.

धोरणं कागदावर आहेत. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने कलाशिक्षणाला महत्त्व दिलं, २०२० च्या धोरणात कला इतर विषयांशी जोडून शिकवण्याचा उल्लेख आहे. पण शिक्षण हक्क कायद्याची अनुसूची उघडा. सहावी ते आठवीच्या शाळेत शंभरपेक्षा जास्त मुलं असतील तरच कलेसाठी निदेशक, तोही अर्धवेळ. पहिली ते पाचवीसाठी कलाशिक्षकाचा उल्लेखच नाही. आता आपल्या डोंगराळ तालुक्यांतल्या वाडी-वस्तीच्या शाळा आठवा. किती शाळांत शंभर मुलं आहेत? ज्या मातीत चित्रकथी जगली, तिथल्याच छोट्या शाळा या नियमातून बाहेर राहतात.

नियम बदलायला वेळ लागेल. पण त्याच कायद्याने सरकारी आणि अनुदानित शाळांत व्यवस्थापन समिती दिली आहे आणि तिच्यात किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. येत्या बैठकीला जा. पटसंख्या, पोषण आहार, गळकं छप्पर यांवर बोलाच, आणि सोबत तीन प्रश्न विचारा. आपल्या शाळेत चित्रकलेचा तास खरंच होतो की त्यात गणित घेतलं जातं? विकत आणलेल्या चित्रांचे प्रकल्प बंद करून मुलांनी स्वतः काढलेली चित्रं घेता येतील का? जवळच्या गावातल्या एखाद्या लोककलावंताला वर्षातून दोन दिवस मानधन देऊन शाळेत बोलावता येईल का?

तिसऱ्या प्रश्नावर पैसे कुठून, असं कुणी विचारलं तर गावच्या जत्रेतल्या ऑर्केस्ट्राची वर्गणी आठवून द्या.

आणि आज रात्री प्रकल्प करायला बसलेल्या आयांना एकच विनंती. कात्री ठेवून द्या, पोराला उठवा नका, सकाळी त्याला कविता मोठ्याने वाचून दाखवा आणि कोरा कागद द्या. वाकडंतिकडं येऊ दे, पण त्याचं येऊ दे.