छावणीची चूल

बहिष्कार समाजात नेमका कोठे सुरू होतो, याचा शोध घेतला तर तो बहुधा स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी सापडतो. कोणाच्या हातचे पाणी चालते, पंगतीत कोणी कोणाशेजारी बसावे, हे नियम घराघरांतील चुलीपाशीच ठरत आले. म्हणून बहिष्काराचा खरा शेवटही तेथेच व्हावा लागतो. वरोऱ्याजवळील आनंदवन आणि त्याचीच शाखा असलेले सोमनाथ यांच्या इतिहासात ही गोष्ट स्पष्ट दिसते.

१९५१ साली बाबा व साधनाताई आमटे यांनी आनंदवनाचा आरंभ केला, तेव्हा सोबत सहा कुष्ठरुग्ण, एक लंगडी गाय आणि हाती चौदा रुपये होते. साधनाताईंचे माहेर नागपूरचे, कडक सोवळ्याओवळ्याचे. त्या घरातून आलेल्या स्त्रीने माळरानावर मांडलेली चूल ही त्या काळी साधी घटना नव्हती. रुग्णांच्या कष्टांनी मळा फुलला, भाजी पिकली. परंतु गावात तिला गिऱ्हाईक मिळेना. रुग्णांचा हात लागलेले अन्न खाल्ल्याने रोग जडतो, अशी लोकांची समजूत होती. वास्तविक कुष्ठरोगाचा जंतू नॉर्वेच्या हॅन्सन यांनी १८७३ मध्येच शोधला होता आणि हा रोग अन्नातून पसरत नाही. बहुसंख्य माणसांच्या शरीरात त्याला तोंड देणारी शक्ती उपजतच असते. तथापि शास्त्राला पटलेले चुलीला पटण्यास वेळ लागतो.

ते पटवून दिले ते एका शिबिराने. पहिल्या महायुद्धानंतर, १९२० साली, स्थापन झालेल्या ‘सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल’ या संस्थेचे तरुण १९५४ मध्ये आनंदवनात श्रमदानासाठी आले. देशोदेशींच्या या तरुणांनी रुग्णांच्या खांद्याला खांदा लावून इमारती उभारल्या, तेथेच वस्ती केली, तेथलेच अन्न खाल्ले. परदेशातून आलेली माणसे जे निःशंकपणे जेवतात, त्याला आपण का भ्यावे, असा प्रश्न वरोऱ्याच्या नागरिकांपुढे उभा राहिला. हळूहळू भीती ओसरली, पावले आनंदवनाकडे वळली आणि भाजीही विकली जाऊ लागली. जे काम व्याख्यानांनी झाले नसते, ते एका पंगतीने केले.

१९६७ साली मूल तालुक्यातील सोमनाथ येथे श्रमसंस्कार छावणी सुरू झाली. रोगमुक्त बांधवांनी जंगलाची जमीन साफ करून तेथे शेती उभी केली होती. मे महिन्याच्या रणरणत्या उन्हात, परीक्षा संपवून आलेले शेकडो युवक-युवती तेथे कुदळ-फावडे हाती घेत. राष्ट्रीय सेवा योजना १९६९ मध्ये सुरू झाली, त्याच्या दोन वर्षे आधीची ही गोष्ट.

अशा छावणीत बांधावरचे काम डोळ्यांत भरते. स्वयंपाकघरातले मात्र सहसा कोणी लिहून ठेवत नाही. शेकडोंचा स्वयंपाक म्हणजे पहाटे पेटलेल्या चुली, पोतेभर कांदे चिरताना वाहणारे डोळे, दोघांनी मिळून उतरवायची पातेली आणि दिवसभराची खरकटी भांडी. अंदाज चुकला तर शेवटची पंगत उपाशी राहते, म्हणून वाढप्याने आपले ताट शेवटी घ्यायचे असते. घरी आईच्या हातचे आयते ताट मिळणाऱ्या मुलाला धुराने डोळे चुरचुरले की पहिल्यांदा आईचे श्रम आठवतात. पाळी आली की मुलगा-मुलगी हा भेद उरत नाही. कांदा चिरणाऱ्याची जात कोणी विचारत नाही.

सोमनाथच्या अन्नाला याहून मोठा अर्थ होता. ज्या हातांची भाजी एकेकाळी कोणी विकत घेतली नाही, तशाच हातांनी पिकवलेल्या जमिनीवर नवी पिढी एका पंगतीत बसत होती. छावणी आठ-दहा दिवसांत उठे. तेथे जेवलेला तरुण मात्र घरी परतला की आपल्या घरच्या उंबऱ्याकडे नव्या नजरेने पाही. पोटात गेलेले अन्न पचून जाते. पंगतीत शेजारी कोण बसले होते, ते मात्र जन्मभर लक्षात राहते.