किडनीचा आजार वाढतोय? डायलिसिसची वेळ येण्याआधी हे ठरवा

किडनीचा दीर्घ आजार बहुतेकदा हळूहळू वाढतो, त्यामुळे तयारीला वेळ मिळतो. हा वेळ वाया गेला, तर एखाद्या रात्री धाप लागून रुग्णालय गाठावे लागते आणि मानेत नळी घालून घाईघाईत डायलिसिस सुरू होते.

तयारी कधी सुरू करायची?
रक्ततपासणीच्या रिपोर्टमध्ये 'ईजीएफआर' पाहा. 30 ते 59 म्हणजे तिसरा टप्पा, 15 ते 29 चौथा आणि 15 च्या खाली पाचवा. आकडा 30 च्या खाली गेला की किडनीतज्ज्ञांशी पुढचे बोला. मात्र केवळ आकडा पाहून डायलिसिस सुरू करत नाहीत, लक्षणेही पाहतात.

पर्याय कोणते?
- रुग्णालयातले डायलिसिस: साधारणपणे आठवड्यातून 3 वेळा, दर वेळी सुमारे 4 तास. नवी मुंबईत बोनकोडे गावातून वाशीला जायचे, तर प्रवासाचा वेळ वेगळा. सोबत कोण येणार, तेही ठरवा.
- पोटाचे डायलिसिस: शिकून घेतल्यावर घरीच करता येते. स्वच्छता काटेकोर हवी.
- प्रत्यारोपण: जवळचा नातेवाईक किडनी देऊ शकतो. मृत दात्याच्या किडनीसाठी रुग्णालयामार्फत मुंबईच्या विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्राच्या यादीत नाव नोंदवावे लागते.
- डायलिसिसशिवाय उपचार: खूप वय किंवा इतर गंभीर आजार असल्यास औषधांनी त्रास कमी ठेवणे, हाही विचारपूर्वक घेतलेला निर्णय असू शकतो.

हात का जपायचा?
डायलिसिससाठी हातातली धमनी आणि शीर जोडून 'फिस्टुला' करतात. तो वापरायोग्य व्हायला काही आठवडे ते महिने लागतात. म्हणून उजव्या हाताने काम करणाऱ्यांनी डाव्या हातातून रक्त किंवा सलाइन शक्यतो टाळावे. हिपॅटायटिस बी लशीबद्दलही आत्ताच विचारा.

घरात काय सांभाळायचे?
पापड, लोणचे, सुकट, सुके बोंबील यांत मीठ भरपूर असते. 'लो सोडियम' मिठात पोटॅशियम असते, ते स्वतःहून सुरू करू नका. दुकानातून आणलेल्या वेदनाशामक गोळ्या आणि अनोळखी भस्मे किडनी आणखी बिघडवू शकतात.

खर्चाचे काय?
महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिसचा समावेश आहे. रेशन कार्ड आणि आधार घेऊन योजनेतल्या रुग्णालयातील आरोग्यमित्राला भेटा.

धाप लागली, लघवी खूपच कमी झाली किंवा रुग्ण गुंगीत गेला, तर वाट पाहू नका. 108 वर फोन करा.