आत्या सुटली म्हणे!

परवा डॉक्टरांनी दंडावरचा पट्टा सोडला आणि कागदावर लिहिलं, १४८/९४. मग नेहमीचा प्रश्न, "घरात कुणाला आहे?" म्हटलं, कुणाला नाही ते विचारा! आजी त्यातच पक्षाघाताने गेली, बाबांना आहे, दोन्ही काकांना आहे. एक आत्या तेवढी सुटली. आमच्याकडे म्हणतातच, तिच्यावर 'ते' उतरलं नाही. जणू घारे डोळेच, आले तर आले, नाही तर नाही.

घरी येऊन वाचत बसलो (दुसरं काय करणार!) तर कळलं, नेमक्या याच मुद्द्यावर इंग्लंडमधले दोन मोठे डॉक्टर वर्षानुवर्षं भांडले होते.

मँचेस्टरचे रॉबर्ट प्लॅट म्हणजे आमच्या घरच्यांच्या पार्टीतले. १९४७ पासून त्यांचं म्हणणं असं, की हा एक वेगळा आजार आहे, बहुधा एकाच जनुकातून येणारा. तसं असेल तर माणसांचे दोन गट पडायला हवेत, आजार असलेले आणि नसलेले. जॉर्ज पिकरिंग तेव्हा लंडनला होते, नंतर ऑक्सफर्डला गेले. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी खूप लोकांचे रक्तदाब मोजून १९५४ मध्ये आकडे छापले. रुग्णांच्या नातेवाइकांचेही मोजले. दोन गट काही दिसेनात! नातेवाइकांचे आकडे एकूण वर सरकलेले, पण सगळी रांग सलग. पिकरिंग म्हणाले, हे उंचीसारखं आहे. उंच आईबापांची मुलं बहुधा उंच होतात, पण उंच आणि बुटका यांच्यात रेघ कुठे मारणार? १४० ची रेघ आपण मारलेली, निसर्गाने नव्हे.

'लॅन्सेट'मधून बरीच वर्षं हा वाद रंगला. निकाल लागायला मात्र जनुकं वाचता यावी लागली. २००९ मध्ये रक्तदाबाशी जोडलेल्या जेमतेम डझनभर जागा सापडल्या. २०१८ मध्ये दहा लाखांवर माणसं तपासल्यावर ९०० च्या वर! त्यातली एकेक जागा बहुतेक वेळा पारा एक मिलिमीटरसुद्धा हलवत नाही. (ही माणसं युरोपीय वंशाची, त्यामुळे तो हिशेब आपल्याला जसाच्या तसा लागू नाही.) म्हणजे पिकरिंग जिंकले.

तरी प्लॅट अगदीच चुकले नव्हते. १९६३ मध्ये अमेरिकेत ग्रँट लिडल यांनी एका घराण्याची हकिकत छापली. कोवळ्या वयातच प्रचंड रक्तदाब, आणि तो खरोखरच एका जनुकामुळे. मूत्रपिंडात सोडियम परत शोषून घेणारी वाट उघडीच राहते. हा दोष १९९४ मध्ये सापडला. त्यातल्या मूळ रुग्ण मुलीला पुढे दुसऱ्याचं मूत्रपिंड बसवलं आणि रक्तदाब ताळ्यावर आला. पण अशी घराणी अगदी विरळा.

आमचं घराणं त्यातलं नाही. आम्हा सगळ्यांच्या वाट्याला त्या शेकडो चिठ्ठ्यांतल्या काही आल्यात, कुणाला जास्त, कुणाला कमी. वर बाबांचं लोणचं, माझी खुर्ची. आणि आत्याच्या वाट्याला एकही नाही, असं तर होणंच शक्य नाही.

म्हणून काल तिला फोन केला. शेवटचं कधी मोजलं होतंस?

"मी कशाला मोजू? मला नाहीये ना ते!"

वय वर्षं एकाहत्तर. आत्या, सुनेने हे वाचून दाखवलं असेलच. रविवारी येतोय, मशीन घेऊन.